संगमरवरावर हाताने कोरलेलं फूल १५०० नंबरच्या घासपेपरपर्यंत घासलं, तरी चमक येत नाही आणि पांढरे ठिपके दिसतात. काय चुकतंय?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि दोन्हींचं मूळ शेवटच्या पेपरात नाही, खूप आधी आहे.

ठिपके टाकीचे, म्हणजे दगड फोडायच्या टोकदार छिन्नीचे आहेत. टोकदार टाकी उभी धरून हाणली की घावाखालचे स्फटिक चिरडतात. वरचा खड्डा घासून सपाट झाला तरी खालचा चिरडलेला भाग पांढरा राहतो, आणि पॉलिश चढेल तसा जास्तच उठून दिसतो. त्यावर १५०० नंबरचा पेपर फिरवत बसणं वाया. ८० किंवा १२० नंबरच्या खरखरीत पेपरला परत जाऊन (नंबर जितका कमी, तितका पेपर खरखरीत) तो थर उतरवावाच लागेल. पुढच्या वेळी टाकी साधारण ४५ अंशांत तिरकी धरा आणि नक्षीच्या शेवटच्या पातळीच्या ३-४ मिमी वरच थांबवा. उरलेलं काम दातेरी छिन्नी, मग सपाट छिन्नी आणि कानस यांचं.

चमक न येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: १२० नंबरचे ओरखडे तसेच राहिलेत. ओला दगड नेहमी चकचकीत दिसतो आणि तिथेच फसगत होते. प्रत्येक नंबरनंतर दगड धुवा, पूर्ण वाळू द्या, बाजूने तिरपा उजेड टाकून बघा. सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर आणि भरपूर पाणी घ्या. क्रम १२०, २२०, ४००, ६००, ८००, १५००. दर वेळी घासायची दिशा आडवी-उभी बदला, म्हणजे जुना ओरखडा वेगळा ओळखू येतो. निम्मा वेळ पहिल्या दोन नंबरांवर गेला तरी चालेल. बादलीतलं पाणीही बदला. खरखरीत पेपरचा एक कण पुढच्या घासणीत आला तरी नवी रेघ उमटते.

पाकळ्यांच्या घडीत बोटाने घासू नका, कडा गोल होतात. बांबूची काडी घडीच्या आकाराची तासा आणि तिच्यावर पेपर गुंडाळा.

शेवटी टिन ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून ओलसर फेल्टने (दाबून केलेल्या लोकरी कापडाने), लेप जवळजवळ सुकेपर्यंत घासा. तयार पॉलिश पावडरीत बऱ्याचदा ऑक्झॅलिक ॲसिड असतं. ते विषारी आहे, हातमोजे घालाच. लिंबू किंवा व्हिनेगर मात्र संगमरवराला कधीच लावू नका, एका थेंबानेही चमक मरते.

कोरडं कोरताना एन-९५ मास्क हवाच. उद्या ग्रॅनाइट किंवा वालुकाश्म हाती घेतलात तर आणखी जपा. त्यांच्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात.