शेपूट कापलेल्या गोष्टी

नाशिक

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

‘अजब पण खरे’ या मालिकेसाठी तू लिहिलेल्या संहिता मी वाचल्या आणि त्यांतून तयार झालेल्या चित्रफितीही पाहिल्या. तुझी भाषा तिखट आहे, बोलण्याला कट्ट्यावरच्या गप्पांची लय आहे आणि मुख्य म्हणजे कुठे थांबावे ते तुला कळते. विनोद करणाऱ्यांत हा गुण विरळाच आढळतो. माझी तक्रार एवढीच आहे की सगळीकडे तुझे हसणे एकाच माणसावर रोखलेले आहे, आणि तो म्हणजे विश्वास ठेवणारा माणूस. ‘व्हॉट्सॲप विद्यापीठाचे पदवीधर काका’ हा विनोद आता इतका झिजला आहे की त्याला हसणारेसुद्धा सवयीने हसतात. त्या काकांपर्यंत ती गोष्ट कोणी, कशासाठी आणि कोणत्या रूपात पोहोचवली, हे तू सांगायला घेतलेस तर त्यात कितीतरी अधिक हशा आहे, आणि तो कोणाच्या भोळेपणावर उभा राहत नाही.

गणपतीने दूध प्यायल्याचा प्रसंग घे. तारीख २१ सप्टेंबर १९९५. तुझ्या संहितेत हा प्रसंग ‘तेव्हाचे लोक किती भाबडे होते’ या वाक्यावर संपतो. पण मला वाटते, तो तिथून सुरू व्हायला हवा. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हते, सामान्य घरांत इंटरनेट नव्हते; तरीही पहाटे दिल्लीतून निघालेली वार्ता त्याच दिवशी देशभरच काय, लंडनच्या मंदिरांपर्यंत जाऊन पोहोचली, ती घराघरांतल्या आणि एसटीडी बूथांवरच्या साध्या दूरध्वनीवरून. फोन करणारी व्यक्ती अनोळखी नव्हती. ती आपली आत्या होती, मामा होता, मुंबईला दिलेली बहीण होती. अफवेला जी पत लागते ती प्रत्येक टप्प्यावर नात्याने पुरवली. आजच्या कुटुंबाच्या ग्रुपवर याहून वेगळे काय घडते, ते तूच सांग.

आता तो चमचा जवळून पाहा. घरातली लहानशी पितळी मूर्ती घे, चमचा दुधाने काठोकाठ भर आणि सोंडेला अलगद टेकव. काठावर फुगून आलेले दूध सोंडेला चिकटते, पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून खाली उतरते. मूर्ती पांढऱ्या संगमरवराची असेल तर हा पातळ ओघळ डोळ्यांना दिसतही नाही. सरकारी वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा तो सर्वांना दिसला. हा प्रयोग तुझ्या आजीच्या हातून कॅमेऱ्यासमोर करवून घे. तिने त्या वेळी डोळ्यांनी जे पाहिले ते खरेच होते, चमचा खरोखर रिकामा होत होता. चुकले ते फक्त दूध कुठे गेले याचे अनुमान. एवढे तिला मोकळेपणाने मान्य केलेस तर ती तुझ्याबरोबर हसेल.

अशा ‘अजब’ गोष्टी मुळात इतक्या का असतात, याचे एक अगदी गद्य कारण मला वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करताना कळले. रात्री पान लावताना एखादी जाहिरात ऐन वेळी रद्द होते किंवा बातमी दोन इंच आखूड पडते. मग उपसंपादक साठवणीतली एखादी चौकट काढतो, ‘मधमाशीला पाच डोळे असतात’ अशा मथळ्याची, आणि ती तिथे बसवून पान सोडतो. मधमाशीचे पाच डोळे खरे आहेत. पण खरे नसते तरी तिने काही खुलासा मागवला नसता. जिच्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही अशी गोष्ट तपासण्यात त्या घाईच्या वेळी कोणी वेळ दवडत नाही.

अमेरिकेत एच. एल. मेंकेन या पत्रकाराने २८ डिसेंबर १९१७ रोजी न्यू यॉर्कच्या ‘ईव्हिनिंग मेल’मध्ये न्हाणीघरातल्या टबाचा इतिहास लिहिला. देशातला पहिला टब १८४२ मध्ये सिनसिनाटी शहरात बसवला गेला, डॉक्टरांनी त्याविरुद्ध ओरड केली आणि अखेर राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी तो व्हाइट हाउसमध्ये नेल्यावर लोकांची भीती गेली, असा तो सगळा वृत्तान्त त्याने मनाने रचला होता. लोकांनी तो खरा धरला, इतरत्र त्याचे दाखले दिले जाऊ लागले, तेव्हा १९२६ मध्ये त्याने स्वतः जाहीर कबुली दिली. बॉस्टनच्या एका दैनिकाने ती कबुली छापली, आणि काही आठवड्यांनी मूळ थापच खरी माहिती म्हणून छापली! लोक यावर हसताना त्या दैनिकाच्या बेजबाबदारपणाला हसतात. मला मात्र तिथे डेस्कवर बसलेला एक दमलेला उपसंपादक दिसतो, ज्याला दोन इंच जागा भरायची होती.

आता जागेची टंचाई उरलेली नाही, पण उचलेगिरीची रीत तीच आहे. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने विकिपीडियावर कोआटी या रॅकूनच्या कुळातल्या अमेरिकी प्राण्याच्या नोंदीत ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असे टोपणनाव गंमत म्हणून घुसवले; आर्डवार्क हा खरे तर आफ्रिकेतला निराळाच प्राणी. वृत्तपत्रांनी ते तिथून उचलले आणि पुढे तशाच मजकुराचा दाखला त्या नोंदीला आधार म्हणून जोडला गेला. तेव्हा दहा संकेतस्थळांवर एकच गोष्ट दिसली म्हणून दहा पुरावे मोजू नकोस. शब्दरचनाही तीच असेल तर पुरावा फार तर एक आहे.

हे सगळे परदेशात आणि तेही इंटरनेटमुळेच घडते, असा तुझा समज लिखाणात डोकावतो. त्यावर उपाय म्हणून एक सुटीची सकाळ नाशिकच्या पांडवलेण्यांवर घालव. दहाव्या लेण्यात शक राजा क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने स्वतःविषयी कोरवून घेतले आहे की आपण तीन लाख गाई दान दिल्या. गाई कोणी मोजल्या, हे शिळेवर नाही. तिथून जवळच, तिसऱ्या लेण्यात, गौतमी बलश्री या राजमातेने नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी आपल्या मुलाची, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, लांबलचक प्रशस्ती कोरवली आहे. तिच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले होते आणि त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला होता. घोड्यांना खारे पाणी मानवत नाही, हे बलश्रीलाही ठाऊक असणार. आणि क्षहरात म्हणजे तोच नहपानाचा वंश. एकाच डोंगरात पराभूताच्या जावयाचे आणि विजेत्याच्या आईचे ‘स्टेटस’ एकमेकांच्या शेजारी लागलेले आहेत, आणि दोन हजार वर्षांच्या आसपास झाली तरी ते कोणी काढलेले नाहीत.

याचा पुढचा भाग तर आणखी बहारदार आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची होती. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. त्याने नाणी वितळवली नाहीत, त्यांवरच छाप मारला, त्यामुळे अशा नाण्यांवर खालचा चेहरा अर्धवट उरतो. शत्रूचा चेहरा पुसून न टाकता त्यावरच आपला शिक्का मारायचा, म्हणजे नाणे ज्याच्या हाती पडेल त्याला सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली हे वाचता येते. तुमच्या पिढीतले मीम याहून वेगळ्या रीतीने चालते असे मला वाटत नाही. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. तिथल्या जाणकारांकडून पुनर्मुद्रांकित नाणे कसे ओळखतात ते समजून घे आणि मगच संहिता लिहायला बस. एक मात्र जप. उषवदाताचा आकडा फुगवलेला म्हणून सारा लेखच थाप ठरवू नकोस. त्याने भिक्षूंसाठी कोरवलेले लेणे आजही जागच्या जागी आहे. खरे कुठे संपते आणि फुगवटा कुठे सुरू होतो, ती रेघ दाखवणे हेच तुझे काम आहे.

लेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, म्हणून जाता जाता सांगतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब ‘प्रोफेसर केल्फा’ या उलट्या नावाने जादूचे प्रयोग करीत, आणि चित्रपटांतल्या करामतींनी लोकांना थक्क केल्यावर त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा चित्रपटही काढला. करामत उलगडल्याने त्यांचा प्रेक्षक काही कमी झाला नाही.

नोव्हेंबर २०१६ मधल्या दोन हजारांच्या नोटेत जीपीएस ‘चिप’ असल्याच्या अफवेवर तू लिहिले आहेस ते चांगले उतरले आहे. नोट जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला सापडेल, हा आकडा मला विशेष आवडतो. शंभर म्हटले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता, वरच्या वीस मीटरांनी तो कमावला. त्यात एवढीच भर घाल की जीपीएस यंत्र उपग्रहाकडून संदेश नुसता घेते, स्वतःचा ठावठिकाणा परत पाठवायला त्याला निराळे प्रक्षेपण आणि वीज लागते, आणि कागदाच्या नोटेत विजेची सोय नसते. १९२८ पासून नोटांचा छापखाना ज्या नाशिकरोडला आहे, त्या गावातही ती गोष्ट चवीने सांगितली जात होती, हे लिहायला विसरू नकोस.

आता जिथे विनोद थांबवायचा ती जागा. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीची एक चित्रफीत देशभर फिरली. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरून एक मूल उचलून नेतात, एवढेच तिच्यात दिसे. मूळ फीत कराचीतल्या जनजागृतीची होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. खोटा असा एकही क्षण त्यात घातला नव्हता, फक्त शेपूट नव्हते. तशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी आलेल्या डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले, आणि त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावात एका लहान मुलासह पाच जणांना पोलिसांनी जमावाच्या हातून कसेबसे सोडवले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. या विषयावर तुझ्या दुसऱ्या चित्रफितीत जे पार्श्वसंगीत आहे ते काढून टाक. आणि तुझी स्वतःची प्रत्येक फीत कोणी पहिल्या वीस सेकंदांवर कापली तर तिचा अर्थ काय उरेल, हे प्रसिद्धीआधी तपासत जा. कारण ‘असे म्हणतात की’ एवढे पुढे ठेवून थाप सविस्तर सांगायची आणि खुलासा शेवटी ठेवायचा, ही तुझी आवडती मांडणी कात्रीला सर्वांत सोयीची आहे.

शेवटी गाजराची संहिता. गाजर खाल्ल्याने अंधारात दिसते ही समजूत दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश प्रचाराने कशी वाढवली, वैमानिक जॉन कनिंगहॅम यांच्या रात्रीच्या यशामागे विमानातले रडार कसे होते आणि गाजराची कहाणी त्या वेळी कशी पुढे केली गेली, हे तू नीट मांडले आहेस. परंतु पुढचे तुझे वाक्य, ‘आणि जर्मन मूर्ख ठरले’, याला पुरावा नाही. जर्मनांनी गाजराची गोष्ट खरी धरली असे दाखवणारे काही मिळालेले नाही. ती पुढच्या लोकांनी चवीसाठी लावलेली पुरवणी आहे. अन्नटंचाईत गाजर मुबलक होते आणि ते घरच्या लोकांच्या गळी उतरवायचे होते, हा हेतू मात्र कागदोपत्री दिसतो, आणि तो अधिक गमतीचाही आहे. शिवाय ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो, हा यातला खरा कण तू गाळला आहेस. तो पहिल्याच वाक्यात घाल, जर्मनांना रजा दे, आणि चित्रीकरणाआधी सुधारलेली प्रत माझ्याकडे पाठव. घरी थोरामोठ्यांना नमस्कार सांग.

तुझा शुभचिंतक,
एक निवृत्त उपसंपादक