सँट्रो झिंगचा पॉवर स्टिअरिंग रॅक घरी बदलता येईल का?

येईल. पण आधी रॅकच, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा आडवा भाग, गेलाय का ते बघा. खड्ड्यात खटखट वाजतं आणि पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलची टाकी सारखी भरावी लागते, या तुमच्या दोन तक्रारी. गॅरेजवाल्यानं दोन्हींना मिळून एकच औषध सांगितलं, रॅक टाका. खटखट बहुतेक वेळा स्टॅबिलायझर लिंकची (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी) नाहीतर टाय रॉड एंडची (रॅक चाकाला जिथं जोडतो तो सांधा) असते. पुढचं चाक उचलून दोन्ही बाजूंनी आडवं धरा आणि हलवा, टाय रॉडचा खेळ असेल तर कळतो. ऑइलसाठी रॅकच्या टोकाच्या रबरी बुटाची क्लिप काढून बूट मागे सारा. आतून ऑइल ओघळलं तर सील गेला. बूट कोरडे असतील तर आधी पाइप, पंप आणि पिनिअनचा (स्टिअरिंगचा दांडा रॅकला जिथं जोडतो) वरचा भाग पुसून बघा. पाइपच्या एका साध्या क्लिपसाठी लोकांनी पूर्ण रॅक बदललेत.

आता माझं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात माझी गाडी कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाहुण्यांच्या दारात उभी होती. चाकं बुडाली, इंजिनात पाणी गेलं नाही, म्हणून सगळे म्हणाले वाचलास. ब्रेक, बेअरिंग सगळं बघून घेतलं. एका बाजूचा बूट फाटलेला होता आणि आत पाणी बसलं होतं, ते कुणाच्या डोक्यात येणार? पुढं गळती लागली, बूट काढला तर रॅकच्या चकचकीत दांड्यावर गंजाचे खड्डे. त्यावरून नख फिरवलं की अडकायचं. नख अडकलं की सील किटचा नाद सोडायचा. नवा सील त्याच खड्ड्यांवर घासून पुन्हा कापला जातो. नख गुळगुळीत सरकलं तर मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या गावात जो कुणी रॅक खोलतो त्याच्याकडून किट टाकून घ्या, नवीन रॅक घेऊ नका.

मी रॅक आणला आणि अंगणात गाडी स्टँडवर घेतली. नेमके त्याच दिवशी सासरे आले. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, सगळी हयात पाने हातात. खुर्ची मागून घेतली, गाडीपासून चार हातांवर बसले आणि म्हणाले, "पाव्हणं, गिअरबॉक्स खोला, इंजिन खोला. स्टिअरिंग आणि ब्रेक घरी खोलायचं नसतं." मी म्हटलं, "मामा, खोलून झालंय." त्यानंतर चहा येईपर्यंत एक शब्द नाही.

काम अवघड नाही, चिवट आहे. टाय रॉड एंडची स्प्लिट पिन आणि नट काढला की लोक खालून हातोडा घालतात आणि आटे मारून बसतात. पुलर वापरा, नसेल तर नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) ज्या डोळ्यात एंड बसतो त्याच्या कडेवर ठोका. एंड किती आट्यांवर बसलाय ते सोडवतानाच मोजून ठेवा. प्रेशर पाइपच्या नटाला फिक्स पाना लावू नका, कोपरे गोल होतात. फ्लेअर पाना (नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा) घ्या, आदल्या रात्री गंजावर तेल सोडा. जागा करायला क्रॉसमेंबर (इंजिनाखालची आडवी चौकट) खाली घ्यावा लागला तर इंजिनाला आधीच आधार द्या.

सगळ्यात महत्त्वाचा एकच बोल्ट. स्टिअरिंगच्या खालच्या जॉइंटमध्ये पिनिअनचा दांडा बसतो, त्या दांड्याला कडेनं एक खाच असते. बोल्ट त्या खाचेतून आडवा गेला पाहिजे. दांडा थोडा वर राहिला तरी बोल्ट आवळला गेल्यासारखा वाटू शकतो, आणि एखाद्या दिवशी वळणावर स्टिअरिंग हातात फिरतं, चाकं सरळ जातात. मी आवळून बाहेर आलो तर मामा पहिल्यांदा खुर्चीवरनं उठले. "खाचेत गेलाय का नुसता आवळलाय?" मी बोल्ट पुन्हा काढला, बॅटरी मारून दाखवला, त्यांच्यासमोर घातला. त्यांनी गुडघ्यावर बसून स्वतः बघितलं. मग "बरं" म्हणाले, जेवले, आणि संध्याकाळी मी सोडायला निघालो तर म्हणाले, "नको, एसटी आहे." आजही माझ्या गाडीत बसत नाहीत.

त्यांचं म्हणणं, वर्कशॉपमध्ये एकानं आवळलेलं दुसरा तपासतो, घरी कोण तपासणार? वर्कशॉपचं मान्य. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजात कोण तपासतं? तिथं पोरगं एका कानाला फोन लावून बोल्ट आवळतं, कारण बाहेर तीन गाड्या थांबल्यात. माझ्या गाडीत माझी बायको-पोरं बसतात, मी दोनदा बघणारच. हातात पाना असलेला माणूस पगारी आहे की घरचा, यानं नट कमी-जास्त घट्ट होत नाही. तुम्हाला दुसरे डोळे हवेत तर शेजारच्याला बोलवा, त्याला खाच दाखवा. एवढं कुणालाही कळतं.

ऑइलचं राहिलं. ह्युंदाईच्या त्या गाड्यांना पीएसएफ-३ लागतं, तरी टाकीच्या झाकणावर लिहिलेलं बघून घ्या. जुनं सगळं काढा, नाहीतर जुन्या रॅकचा कीस नव्यात जातो. पाइपच्या जोडाचे वॉशर, ओ-रिंग नवीनच. रॅक बसवण्याआधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजून बरोबर मध्ये आणा. ऑइल भरल्यावर चाकं उचललेलीच ठेवून, इंजिन बंद, स्टिअरिंग सावकाश इकडून तिकडे फिरवा, टाकी भरत राहा. मग इंजिन चालू करून तेच. टोकाला नेऊन दाबून धरू नका, पंप ओरडतो. ऑइल दुधाळ दिसलं तर हवा आहे, फेस बसेपर्यंत थांबा.

तिथून सरळ व्हील अलाइनमेंटला, सावकाश. आटे मोजून बसवलं तरी टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, नेमका जुळत नाही, टायर लवकर झिजतात.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. गाडीत एअरबॅग असेल तर रॅक सुटलेला असताना स्टिअरिंग फिरू देऊ नका, सीटबेल्ट अडकवून बांधून टाका. आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची गुंडाळलेली वायर) तुटते. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणार असाल तर घरी करू नका, गॅरेजवाल्याला पैसे द्या.