भाषेची पेटी : जावानीज आणि बर्मी, बहिणी की परक्या?

प्रश्न : नमस्कार सर, माझा मुलगा कामासाठी इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्यकार्ताला असतो आणि भाची लग्नाआधी यंगूनला नोकरीला होती. दोघं घरी जमले की वाद ठरलेला. मुलगा म्हणतो दोन्ही लिप्या सारख्याच गोलगोल, दोन्हीकडे आपल्याकडून धर्म आणि ग्रंथ गेले, म्हणजे जावानीज आणि बर्मी बहिणीच असणार. भाची म्हणते काहीतरीच काय. आम्हाला ब्रह्मदेश म्हणजे टिळकांचं मंडाले आणि रत्नागिरीचा थिबा राजा एवढंच माहीत. खरं काय ते सांगा ना.
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : ताई, भाचीचं बरोबर आहे. दोन्ही भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही. बर्मी ही तिबेटी-बर्मी गटातली, म्हणजे लांबून तिबेटी आणि चिनीच्या गोतावळ्यातली, आणि जावानीज ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मलाय, फिलिपिन्समधली टागालोग आणि पार मादागास्करची मालागासी यांच्या घरातली. एक ते पाच मोजून बघितलं तरी कळतं. जावानीजमध्ये सिजी, लोरो, तलु, पापात, लिमा आणि बर्मीत तिट, न्हिट, थोन, ले, ङा, कुठेच जुळत नाही.

पण मुलाला लिपी सारखी वाटली ती उगाच नाही. दोन्ही लिप्या दक्षिण भारतातून समुद्रमार्गे गेलेल्या ब्राह्मीच्याच लेकी, म्हणजे आपल्या देवनागरीच्या लांबच्या बहिणी. नातं लिपीचं आहे, भाषेचं नाही, आणि ही गल्लत भले भले करतात (उर्दू आणि अरबीची लिपी बघूनही लोक हेच करतात). बर्मी मुळाक्षरं 33 आणि क्रम अगदी आपलाच, क ख ग घ ङ, च छ ज झ, पुण्यातलं पहिलीतलं पोरगंसुद्धा तो म्हणून दाखवेल. जावानीजचा क्रम मात्र वेगळाच, ह न च र क, द त स व ल, प ड ज य ञ, म ग ब ट ङ, अशी 20 अक्षरं, आणि ती ओळीने म्हटली की एक गोष्ट तयार होते, दोन दूत होते, त्यांचं भांडण झालं, दोघं तुल्यबळ, आणि दोघंही मेले. आजी साका नावाच्या राजाच्या दोन सेवकांची ही कथा आहे. मुळाक्षरं शिकता शिकता पोरांना कथा मिळते हे मला फार आवडतं.

आता आपल्या मराठी कानाचं काय होतं ते बघा, कारण खरी गंमत इथे आहे. जावानीजमध्ये त आणि ट, द आणि ड हा फरक चक्क जिवंत आहे. वदी म्हणजे घाबरलेला आणि वडी म्हणजे वाळू. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक ऐकूच येत नाही, आपल्याला न शिकवता येतो. शब्दही ओळखीचे, गुरू, अक्षर, रूप, पुत्र, भाषेला बासा, समुद्राला सगारा म्हणजे सागर. बाहुल्यांच्या छायाखेळात, ज्याला ते वायांग म्हणतात, अर्जुन आणि घटोत्कच येतात आणि भीमाला तिथे वर्कुदारा म्हणतात, म्हणजे आपला वृकोदर. सोलो-योग्यकार्ताकडे शेवटचा अ ऑ-सारखा म्हणतात, म्हणून सुकर्णचं सुकर्नो झालं, त्या नावात कर्णच बसलाय.

बर्मीत पालीचे शब्द खूप आहेत पण पटकन सापडत नाहीत, कारण पालीतला स तिथे थ-सारखा होतो आणि र चा य. सासनचं थाथना, रंगूनचं यंगून, प्रज्ञेचं पाली पञ्ञा तिथे प्यिन्या, आणि विद्यापीठाला तेक्कथो म्हणतात त्यात तक्कसिला, म्हणजे तक्षशिला लपली आहे. वर सूर आहेत. ला हे एकच अक्षर गळा आवळून तोडलं तर चंद्र किंवा महिना, सपाट आणि खालच्या पट्टीत म्हटलं तर ये, आणि वर ताणलं तर खेचर. जावानीजला असले सूर नाहीत.

मग वाटेल की जावानीजच जवळची. थांबा, वाक्य बघा. मी भात खातो हे जावानीजमध्ये आकु मंगान सगो, म्हणजे मी, खातो, भात. बर्मीत चनॉ थमिन सा दे, मी, भात, खातो, आपल्याच क्रमाने! यंगूनला जातो म्हणताना ला-सारखा को हा प्रत्यय नावाच्या नंतर लागतो, जावानीजमध्ये मात्र इंग्रजीसारखा शब्द नावाच्या आधी येतो. आपल्याकडे पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या आहेत तशा बर्मीतही आहेत, चा म्हणजे पडणं आणि छा म्हणजे खाली टाकणं, फक्त श्वासाचा फरक. म्हणून माझं स्पष्ट मत असं की मराठी माणसाचा कान जावानीजकडे ओढतो आणि वाक्य बर्मीकडे.

आणि मान-मर्यादा! याबाबतीत जावानीजइतकी कडक भाषा माझ्या वाचनात दुसरी नाही. खाणं हे मित्राशी बोलताना मंगान, आदरानं स्वतःबद्दल सांगताना नडा, आणि समोरच्या वडीलधाऱ्याबद्दल धाहार, तीन वेगळे शब्द, नुसता प्रत्यय नाही. घर ओमाह, ग्रिया, दालम. ते मानाचे शब्द स्वतःसाठी वापरले तर फार वाईट दिसतं. आपण जेवलास चं जेवलात केलं की काम भागतं, तिथे अख्खा शब्दच बदलतो. बर्मीत एवढं नाही, क्रियापदात पा घातलं की वाक्य नम्र होतं, भिक्खूंच्या जेवणाला आणि झोपेला तेवढे वेगळे शब्द. पण बोलणारा पुरुष की बाई हे कळतं, मी साठी पुरुष चनॉ म्हणतो आणि बाई चमा, जसं आपल्याकडे जातो आणि जाते.

प्रश्न : जावानीज इतके लोक बोलतात तर ती इंडोनेशियाची राष्ट्रभाषा का नाही?
— एक विद्यार्थी, औंध

उत्तर : बोलणारे कोट्यवधी, देशातला सगळ्यात मोठा समाज तोच, तरी 28 ऑक्टोबर 1928 ला तरुणांनी एकतेची भाषा म्हणून शपथेत मलायवर उभी असलेली इंडोनेशियन निवडली. बंदरांमध्ये आणि बाजारात मलाय आधीच सगळ्यांना येत होती, ती कोणा एका मोठ्या समाजाची नव्हती, आणि जावानीजमध्ये तोंड उघडलं की समोरचा वर का खाली हे ठरवावं लागतं, ते स्वतंत्र होऊ बघणाऱ्या देशाला अडचणीचं होतं. माझ्या मते तो निर्णय शहाणपणाचा होता, पण जावानीजनं त्याची किंमत मोजली. शाळेत ती स्थानिक विषय म्हणून शिकवतात, रोजचं लिखाण रोमन लिपीत, जुनी लिपी रस्त्यांच्या पाट्यांवर आणि थोड्या जाणकारांकडे. 804 सालच्या सुकबुमी शिलालेखापासून लिहिली गेलेली भाषा आहे ही, काळजी वाटते. बर्मीचं उलट, ती देशाची राजभाषा, बागानजवळचा 1113 चा म्याझेडी शिलालेख तिचा फार जुना पुरावा, पण तिच्या सावलीत शान, कचिन, करेन भाषांचं काय होतं हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे.

प्रश्न : यंगूनच्या मित्राचे जुने मेसेज माझ्या मोबाइलवर विचित्र, तुटके दिसतात. भाषा की फोन?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : फॉन्ट. म्यानमारमध्ये वर्षानुवर्षं झॉजी नावाचा स्वतःच्याच पद्धतीचा फॉन्ट सगळ्यांच्या फोनवर होता, आणि 1 ऑक्टोबर 2019 पासून देश अधिकृतपणे युनिकोडवर, म्हणजे जगभर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीवर गेला. म्हणून जुना मजकूर नव्या फोनवर विस्कटतो, आपल्याकडे श्रीलिपीतली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की व्हायचं तसंच. झॉजीचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर ऑनलाइन फुकट मिळतात, त्यात मेसेज पेस्ट करा. आणि मित्राला एवढं विचारा की जुन्या फोनवरून आलेत का, तसं असेल तर नवे मेसेज नीट दिसतील.