रानात डोळ्यावर काहीतरी आपटलं, तेव्हापासून आत वळवळतंय. डोळ्यात अळी होऊ शकते का? कसं कळणार?

होऊ शकते दादा. तुम्ही लिहिलंय की रानात मेंढरं बसवली होती, तिथं डोळ्यावर काय तर आपटलं, लगेच चुरचुर आणि पाणी सुरू झालं, आणि मेडिकलवाल्यानं 'डोळे आलेत' म्हणून ड्रॉप दिले. मी सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंट तपासतो, सांगोला मंगळवेढ्याकडनं असले पेशंट येतात अधूनमधून. डोळे येतात तेव्हा सकाळी पापण्या चिकटतात, एका डोळ्यातनं दुसऱ्यात जातं, मग घरातल्यांना. तुमचं एकाच डोळ्यात, एका झटक्यात, तेही मेंढरांजवळ. निम्मं निदान इथंच झालं बघा.

मेंढरांच्या नाकात अळ्या सोडणारी एक माशी असते, ऑस्ट्रस ओव्हिस. ती अंडी घालतच नाही, उडता उडता जिवंत अळ्यांची पिचकारी मारते आणि कधीतरी नेम चुकून माणसाच्या डोळ्यात जातो. अळी जेमतेम एक मिलिमीटरची, पारदर्शक, तोंडाशी दोन काळे आकडे, त्यामुळं आरशात काय दिसत नाही. (जखमेत पडतात त्या अळ्या वेगळ्या माशीच्या, त्या नुसत्या डोळ्यानं दिसतात.)

रक्त-लघवी तपासून उपयोग नाही, स्लिट लॅम्पवरच, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दवाखान्यातल्या यंत्रावरच, बघावं लागतं. आणि खरी गंमत इथं आहे, अळीला उजेड सोसत नाही, लाइट टाकला की सुळकन पापणीच्या आतल्या घडीत जाऊन बसते, म्हणून गर्दीच्या ओपीडीत घाईत बघितलं की 'काही नाही, अॅलर्जी आहे' असं निघतं. वरची पापणी उलटी करून बघा म्हणून स्पष्ट सांगा, त्यात लाजायचं काय नाही. सापडली की बधिर करायचा ड्रॉप टाकून चिमट्यानं एकेक काढतात, नुसत्या पाण्यानं धुऊन जाईलच असं नाही कारण ती आकड्यांनी घट्ट धरून असते. काढलेली अळी स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितली की आकडे ओळखू येतात, मग शंका राहत नाही. दोनेक दिवसांनी परत दाखवायचं, एखादी राहिलेली असते.

माणसाच्या डोळ्यात ती मोठी होत नाही, काही दिवसांत मरते, पण तोवर बुबुळ खरवडू शकते. अळी डोळ्याच्या आत शिरणं फार क्वचित, तरी धूसर दिसत असेल तर पडदासुद्धा तपासून घ्या. चोळू नका, मध-बिध घालू नका, आणि मेडिकलमधनं स्टिरॉइडचा ड्रॉप स्वतःहून अजिबात आणू नका, उद्या सकाळीच दाखवा.