हीट टेपच्या क्लिपपाशी जळकट वास

प्रश्न : नोंदणी केलेल्या बॉल पायथन सापाच्या पेटीखाली ४० वॅटची हीट टेप (विजेवर तापणारी चपटी पट्टी) लावली आहे. टेपला वायर जोडणाऱ्या क्लिपपाशी प्लॅस्टिक पिवळं पडलंय, जळकट वास येतो. टेप बदलू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी प्लग काढा. टेपवर ११० व्होल्ट छापलं असेल तर ती आपल्या २३० व्होल्टवर चौपटीहून जास्त तापते, ती टाकूनच द्या. २३० ची असेल तर दोष बहुधा क्लिपचा आहे. क्लिपचे दात कडेच्या तांब्याच्या पट्टीत न रुतता नुसते प्लॅस्टिकवर टेकले, की सांधा ठिणग्या टाकतो आणि काळा पडतो. तो भाग खुणेच्या रेषेवरच कापा. काळ्या कार्बन पट्ट्यांतून कात्री घालू नका. नवी क्लिप पक्कडीने घट्ट दाबा, वायर हलकीच ओढून पाहा. क्लिप आणि दुसऱ्या टोकाला उघडं राहिलेलं तांबं, दोन्ही नीट झाका. हे दुसरं टोक बहुतेक जण विसरतात!

मग प्लग न लावता मल्टीमीटरने दोन वायरींमधला रोध मोजा. ४० वॅटला साधारण १३०० ओहम यायला हवेत. आकडा स्थिर नसेल तर क्लिप पुन्हा बसवा.

टेप पेटीबाहेर, तळाखालीच हवी, दुमडलेली नको. थर्मोस्टॅटचा सेन्सर टेप आणि तळाच्या मध्ये पक्का चिकटवा. तो निसटला तर टेप तापतच राहते. साप बाहेर ठेवून २४ तास चालवा. आत तळाशी ३१-३२ अंश मिळाले पाहिजेत. लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच.