८ × ४ फुटांच्या गादीवाफ्यात माती किती लागेल?

लांबी, रुंदी आणि खोली फुटांत घेऊन गुणा. मापं वाफ्याच्या कडेच्या फळ्यांच्या आतून घ्या. तुमचा वाफा ८ बाय ४ आणि १ फूट खोल असेल, तर ३२ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर, तेव्हा एकूण ९०० लिटरच्या आसपास. ४० लिटरच्या २३ पिशव्या. पण भुसभुशीत मिश्रण दोन-चार पाणी दिल्यावर हमखास खाली बसतं, म्हणून दहा-पंधरा टक्के जास्तच आणा. पिशवीवर नुसते किलो असतील तर हा हिशेब चालत नाही, ओल्या मातीचं वजन फसवं असतं. वाफा याहून खोल असेल तर तळाशी काटक्या, वाळका पाला भरा. माती वाचते, मात्र ते कुजेल तशी वरून भर घालावी लागेल.