लॉजवरच्या शाम्पूवर किंमत का नसते? माल डुप्लिकेट असतो का?

जळगावच्या लॉजवर मिळालेली शाम्पूची बाटली उलटसुलट करून पाहिली, एमआरपी कुठे सापडली नाही, म्हणून तुम्ही विचारताय. डुप्लिकेट असेलच असं नाही. जळगाव, भुसावळ, फर्दापूर या पट्ट्यातल्या लॉजना हाच माल मी पुरवतो.

किंमत गिऱ्हाइकासाठी छापतात आणि इथे गिऱ्हाईक तुम्ही नाही, हॉटेलवाला आहे. आवेष्टित, म्हणजे पॅकबंद वस्तूंचे २०११ चे वैधमापन (वजन-मापाचे) नियम आहेत. दुकानात विकायच्या पाकिटावर त्यानुसार एमआरपी, निव्वळ वजन, तक्रारीसाठी पत्ता-फोन हे सगळं सक्तीचं. हॉटेलसारख्या संस्थेने स्वतःच्या वापरासाठी थेट उत्पादकाकडून किंवा घाऊक व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला त्यातून सूट आहे, फक्त ‘किरकोळ विक्रीसाठी नाही’ अशी ओळ लागते. बाटलीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत असते ती. उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि मुदत मात्र सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनी हवीच. तेही नसेल तर खुशाल शंका घ्या.

काही लॉजवाले किराणा दुकानातली शाम्पूच्या पुड्यांची माळ आणून एकेक पुडी तोडून ठेवतात. स्वस्त पडतं. पण एक मालक मला म्हणाले, ‘खोलीचे दीड हजार घ्यायचे आन् हातात दोन रुपये छापलेली पुडी द्यायची, बरं दिसतं का भाऊ?’ शिवाय ओल्या हातांनी ती फाटत नाही, दातांनीच फोडावी लागते.

खरा फरक साबणाच्या कागदात दिसतो. दुकानातली वडी महिनोन्महिने फळीवर पडून राहणार, म्हणून तिला आतून प्लास्टिकचा थर दिलेलं वेष्टन असतं; वास आणि ओल आत राहते. हॉटेलची १५-२० ग्रॅमची गोल टिकली पातळ कागदात चुण्या पाडून गुंडाळतात आणि मध्यावर स्टिकर लावतात. दिसते झकास, पण कागदातून वास उडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. एकदा वर्षाचा माल स्वस्तात मिळाला म्हणून पत्र्याच्या गोदामात भरून ठेवला आणि जूनमध्ये खोकी उघडली, तर टिकल्यांना भेगा पडलेल्या आणि कागद ढिले झालेले. हाताला हलक्याही लागत होत्या. तेव्हापासून दोन महिन्यांच्या वर साठा करत नाही.

दुकानातली बाटली शेजारच्या बाटलीपेक्षा उठून दिसायला धडपडते. हॉटेलात उलटं, सगळा संच एकसारखा हवा: तीच बाटली, तेच झाकण, तोच लोगो. त्यातून गोंधळही होतो. लग्नसराईत चोपड्याकडचे एक काका अंघोळ अर्धवट टाकून टॉवेलवर बाहेर आले, ‘हाऊ कसा शाम्पू शे भाऊ, फेसच येत नही!’ डोक्यावर अख्खी बाटली बॉडी लोशन. चष्मा बाहेर टेबलावर राहिलेला. त्या लॉजच्या बाटल्यांवर आता मी ठसठशीत मराठीत ‘शाम्पू’चं स्टिकर लावून देतो. मालकांना ते गावठी वाटतं, पण काउंटरवरच्या तक्रारी थांबल्या.

आता हळूहळू बाटल्यांऐवजी भिंतीवरचे शाम्पूचे पंप येतायत. मॅरियट या बड्या हॉटेल कंपनीने २०१९ मध्येच छोट्या बाटल्या बंद करायचं जाहीर केलं होतं. मोठ्या कॅनमधून भरायचे, कचरा कमी, खर्चही कमी. लोकांना वाटतं आत पाणीच घातलं असेल, आणि काही ठिकाणी ते खरंही आहे. म्हणून मी कुलूपवाले पंपच देतो. चावी मॅनेजरच्या गल्ल्यात राहते, हरवली की मला फोन येतो.